यादीत नसलेले दोघे

गणपती उठले की सुलभाबाई बोरगावकरांच्या वर्गात पंगत बसायची.

उज्जैनला, फ्रीगंजातल्या मुलींच्या एका शाळेत त्या सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या, आणि बारावीचा आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी बरोबर भाद्रपदातच यायचा. त्या दिवशी बाकं भिंतीला लागत. सोळा मुली आठ-आठच्या दोन ओळींत, तोंडाला तोंड करून, खाली फरशीवर बसत. प्रत्येकीच्या पुढ्यात वहीचं एक पान, त्यावर एकच मोठं अक्षर. ए, टी, जी, सी, या चारांपैकी एक.

"ये पंगत है," बाई सांगायच्या. "लेकिन अपने घर की पंगत नहीं, कि जिसको जहाँ जगह मिली, बैठ गया. यहाँ ए के सामने टी ही बैठेगी. जी के सामने सी. दूसरी बैठी तो हाथ ही नहीं मिलेंगे."

मग समोरासमोरच्या मुली एकमेकींचे हात धरायच्या. बाई म्हणायच्या, ही दोन ओळींची पंगत पीळ घातलेल्या दोरीसारखी गुंडाळून तुमच्या अंगातल्या एकेका पेशीत ठेवलेली आहे, आणि तिच्यात सोळा पानं नसतात, अब्जावधी असतात. डोळे कसे, रक्त कसं, उंची किती, ते सगळं या बसण्याच्या क्रमात लिहिलेलं आहे. पेशीला एकीच्या दोन व्हायचं असलं की हात सुटतात, ओळी वेगळ्या होतात. आता प्रत्येक ओळ अर्धी राहिली. पण तिला ठाऊक असतं की आपल्यासमोर कोण होतं. ए हाक मारते टीला, जी हाक मारते सीला. बाहेर उभ्या असलेल्या मुलींतून नव्या येऊन बसतात, आणि बघता बघता एका पंगतीच्या दोन होतात. दोन्ही हुबेहूब सारख्या. दोन्हींत एक ओळ जुनी आणि एक नवी.

पुढे कॉलेजात गेलेल्या, डॉक्टर झालेल्या मुली टावर चौकात भेटल्या तर आधी पंगतीचीच आठवण काढत. कोणी म्हणे, "मैडम, मैं तो जी थी." बाईंना बरं वाटायचं. महाकालाला नमस्कार केल्याशिवाय त्या चहा घेत नसत आणि शाळेत पंगत सोडून दुसरा दाखला देत नसत. दोन्हींत त्यांना कधी विरोध वाटला नाही. देवानं केलेली नक्कल आहे, ती बिनचूकच असणार, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

सत्त्याण्णव सालच्या त्या भाद्रपदात मात्र पूजा नावाच्या एका मुलीनं खाली बसल्या बसल्या विचारलं, "मैडम, कोई गलत बैठ गई तो?"

उत्तर बाईंना तोंडपाठ होतं. पंगतीत वाढपी फिरत असतात, त्यांचं लक्ष असतं, चुकून बसलेलीला ते उठवतात. अगदी एखादीच नजरेतून सुटते. आणि एकदा सुटली की मग ती चूक राहत नाही, तोच क्रम होतो. पुढची प्रत्येक पंगत तिला बघूनच बसते. आजीची आईत, आईची मुलीत.

हे सगळं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि "आजीची" शब्दाशी त्या थांबल्या. मुली हात धरून वाट बघत राहिल्या. बाई म्हणाल्या, "बाकी कल," आणि घंटेला अजून पंधरा मिनिटं होती तरी वर्गाबाहेर पडल्या.

आता त्या का थांबल्या, ते सांगायचं तर चार महिने मागं जायला हवं.

सुलभाबाईंना दोन मुली. थोरली मधुरा देवासला दिलेली. धाकटी अमृता फ्रीगंजातच कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. त्या दिवसांत गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते, आणि शिकलेल्या मुलींना घरापाशी नोकरी मिळाल्याचं सगळ्यांना अप्रूप होतं. अक्षय्यतृतीयेला अमृताचा साखरपुडा झाला. मुलगा तुषार, इंदूरच्या एका कंपनीत, माणसं सालस. लग्न मार्गशीर्षात धरलं. सुलभाबाईंचे यजमान यज्ञेश्वरराव बँकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "चला, आता मी आणि माझी पेन्शन, दोघं मोकळे."

साखरपुड्याला आठवडा झाला नाही तोच देवासहून फोन आला. मधुराचा मुलगा अनिकेत सव्वा वर्षाचा. पाळण्याच्या कठड्यावर आपटून त्याचा ओठ आतून फाटला, इतकासा, तांदळाच्या दाण्याएवढा. पण रक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी थांबेना, तिसऱ्या दिवशीही. इंदूरला दवाखान्यात नेलं, रक्तातला पिवळा द्रव चढवला, तेव्हा कुठं थांबलं. तपासणीत निघालं की रक्त गोठवणारा एक पदार्थ याच्या अंगात तयारच होत नाही. हिमोफिलिया.

तिथली डॉक्टरीण शांत बाई होती. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं की हा पदार्थ कसा करायचा, ते आईकडून येणाऱ्या एका गुणसूत्रावर लिहिलेलं असतं. बाईकडे तशी गुणसूत्रं दोन असतात. एकावर चूक असली तरी दुसऱ्यावर भागतं, तिला स्वतःला काही होत नाही. मुलाकडे एकच. चुकीचं आलं तर भागवायला दुसरं नाही.

मग ती सुलभाबाईंकडे वळली. "माताजी, आपकी तरफ किसी को था? आपके भाई, मामा? कोई बच्चा जो छोटी उमर में चला गया हो?"

खोलीत यज्ञेश्वरराव होते, मधुरा होती, मधुराची सासू अहल्याबाई होत्या, आणि दाराशी अमृता, बोटात आठ दिवसांची अंगठी.

"नहीं," सुलभाबाई म्हणाल्या. "मुझे भाई ही नहीं थे."

डॉक्टरीण म्हणाली की मग हे नव्यानं उपजलेलं असण्याचा संभव आहे. तिघांतल्या एका घरात तसं होतं, नक्कल होताना एखादं अक्षर बदलतं. यज्ञेश्वररावांनी लगेच विचारलं, धाकटीला काही धोका? ती म्हणाली, खात्री देता येत नाही, पण तसं असेल तर फार कमी. माताजींचे भाऊ असे गेले असते तर गोष्ट वेगळी होती. मग धाकटीकडे चूक येण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आणि लग्नाआधी मी तिचं रक्त मुंबईला तपासायला सांगितलं असतं.

"म्हणजे धाकटीचं निभावलं," यज्ञेश्वरराव मराठीत पुटपुटले. सुलभाबाई खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

दोन भाऊ होते त्यांना. श्रीनाथ आणि सुहास.

वडील शाजापूरला तहसिलीत कारकून होते, तिथली ही गोष्ट. सुलभा अकरा वर्षांची, श्रीनाथ सातचा. वैशाखात त्याची मुंज ठरली होती, पिवळं सोवळंसुद्धा आणून ठेवलेलं होतं. माघात त्याचा दुधाचा दात पडला. सगळ्या जगाच्या पोरांचे पडतात तसाच पडला. त्याचं रक्त नऊ दिवस वाहिलं. नवव्या दिवशी तो गेला. त्याच्या पाठचा सुहास तीन वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो ओसरीवरून पडला, वरून काहीच लागलं नाही, नुसतं पोट फुगत गेलं, आणि दोन दिवसांत आटोपलं. वडिलांनी बदली मागून उज्जैन गाठलं. इथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. सुलभाचं लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला देवघरात बसवून सांगितलं होतं, "भाऊ नव्हते म्हण. ज्या घरात मुलगे जगत नाहीत, त्या घरची मुलगी कोणी करत नाही. देवापुढे बोल." ती देवापुढे बोलली. एकतीस वर्षं तो बोल पाळला.

आणि गंमत बघा, लग्नानंतर हे लपवायला, त्या दवाखान्यातल्या दिवसापर्यंत, त्यांना कधी खोटं बोलावंच लागलं नाही. मुंज न होता गेलेल्या मुलाचं श्राद्ध नसतं. त्याला पिंड नाही, तिथी नाही, कुठल्या यादीत नाव नाही. घराण्याच्या कागदांत फक्त तेवढेच पुरुष असतात जे आठ वर्षांचे झाले. हा आजार नेमका त्या आधीच नेतो. कागद कितीही चाळले असते तरी बोरगावकरांना काय, खुद्द सुलभाबाईंच्या माहेरालाही काही सापडलं नसतं.

त्या शास्त्राच्या बाई होत्या, म्हणून कोणाला वाटेल की त्यांना हे आधीच उमगायला हवं होतं. सव्वीस वर्षं त्या फळ्यावर तो आजार लिहीत होत्या, आईकडून मुलाकडे बाणसुद्धा काढत होत्या. पण फळ्यावर ती परदेशातल्या राजघराण्याची गोष्ट असे. शाजापूरच्या ओसरीशी तिचा संबंध त्यांनी जोडला नव्हता, जोडू दिला नव्हता. मन मोठं हुशार असतं. झाकायचं ते फळ्याआड झाकतं.

नाही म्हटलं आणि घरी आल्या. वाटलं, तेवढंच. पण खोटं एकटं राहत नाही, त्याला जागा करून द्यायला दुसऱ्या कोणाला तरी उठावं लागतं. उठावं लागलं मधुराला.

पंचाण्णवच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्यग्रहण लागलं होतं. मधुराला तेव्हा पाचवा महिना. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापू-चिरू नये, हे तिला सासूनं बजावलं होतं आणि आईनंही. पण ब्लाउजच्या हुकाला दोरा लटकत होता, तो तिनं कात्रीनं कापला. अहल्याबाईंनी बघितलं होतं. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. इंदूरच्या दवाखान्यातून घरी आल्यावर बोलल्या.

"डॉक्टरांचं आपल्या जागी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पण त्या बाईनंच सांगितलं ना, घराण्यात नाही, नव्यानं झालंय म्हणून. मग नव्यानं कशानं झालं? कात्री कोणी चालवली?"

मधुरा एम.ए. झालेली मुलगी. पण ओठातून रक्त गळणारं लेकरू तीन दिवस मांडीवर धरलं की एम.ए. कुठं राहतं. तिला पटलं. सोळा सोमवार धरले, आळणी जेवू लागली, नखंसुद्धा अमावास्या बघून कापेना. सुलभाबाई फोनवर म्हणायच्या, "ग्रहणाचं काही नसतं गं, ती नकलेतली चूक असते." मधुरा म्हणायची, "हो, पण ती चूक माझ्यात का व्हावी, आई? काही तरी निमित्त असेल ना." यावर सुलभाबाईंकडे उत्तर होतं, आणि तेच तर त्यांना देता येत नव्हतं. तिकडे उत्तर दिलं की इकडे अमृताची अंगठी उतरत होती.

चार महिने असे गेले. महाकालापुढे त्या रोज जात आणि काही न मागता परत येत.

आणि मग पितृपक्ष लागला. यज्ञेश्वररावांच्या वडिलांची तिथी अष्टमीची, त्या दिवशी घरी महालय असे. महालयाला नुसते वडील-आजोबा नसतात. आईकडचे, मामा, आत्या, सासरे, मेहुणे, गुरू, मित्र, सगळ्या गेलेल्या माणसांची नाती गुरुजी एकेक करून उच्चारतात, आणि यजमान नाव-गोत्र सांगून तीळपाणी सोडतो. बोरगावकरांकडे त्याची एक यादी होती. आजोबांच्या हातची जीर्ण झाली तेव्हा वडिलांनी ती उतरवून घेतली, वडिलांची झाली तेव्हा यज्ञेश्वररावांनी. त्या साली तिची घडी फाटली, म्हणून सप्तमीच्या संध्याकाळी ते चष्मा लावून नवी नक्कल करायला बसले.

"श्यालक," त्यांनी मोठ्यानं वाचलं. म्हणजे बायकोचा भाऊ. "इथं रेघ आहे. रेघच मारू ना गं?"

सुलभाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. "मारा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टी घेऊन सरळ रेघ मारली.

अष्टमीला मधुरा अनिकेतला घेऊन सकाळीच देवासहून आली. स्वयंपाकघरात नुसती धांदल. खीर, वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. सुलभाबाईंनी सहज म्हटलं, "मधुरा, गवार तेवढी चिरून दे."

मधुरा जागची हलली नाही. "आई, मी विळीला हात लावत नाही. देवाला बोललेय."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. विळी नाही, सुरी नाही, कात्री नाही. सासूबाई चिरतात आणि चिरताना रोज ऐकवतात. चालायचंच. अनिकेतची मुंज होईपर्यंत पाळायचं आहे. आठ वर्षांचा झाला की सुटले."

"दे इकडे, मी चिरते," म्हणत अमृतानं विळी ओढून घेतली. "ताई, तुझं बघून मला भीती वाटते हं. माझ्या वेळेला ग्रहणं बघून मुलं आणावी लागतील."

मधुरा हसली. खूप दिवसांनी हसली. अनिकेत तिच्या पायाशी वाटी आपटत होता. त्याच्या गुडघ्यावर जांभळा, लिंबाएवढा डाग होता, कुठं टेकला असेल तेवढ्यानं आलेला. आठ वर्षांचा झाला की, म्हणाली ती. सुलभाबाईंच्या डोळ्यांपुढे शाजापूरच्या फडताळातलं घडी न मोडलेलं पिवळं सोवळं आलं. त्या चुलीकडे वळल्या आणि खीर ढवळत राहिल्या, खाली लागल्याचा वास आला तरी.

बाहेर नित्सुरे गुरुजी आले होते. यज्ञेश्वरराव जानवं उजव्या खांद्यावर घेऊन, बोटात दर्भाचं पवित्रक घालून बसले. गुरुजी नातं म्हणत, यज्ञेश्वरराव नव्या यादीवर नजर टाकून नाव सांगत, आणि अंगठ्यावरून तीळपाणी ताम्हनात पडे. सुलभाबाई खिरीचं पातेलं घेऊन दाराशी येऊन उभ्या राहिल्या, दरवर्षी राहत तशा.

"मातुल," गुरुजी म्हणाले. मामांची नावं झाली. भाऊ झाला. आत्या झाल्या. "श्वशुर." सुलभाबाईंच्या वडिलांचं नाव, गार्ग्य गोत्र, पाणी. "श्यालक. नाहीत. पुढे गुरू..."

"आहेत," सुलभाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी वर बघितलं. "काय वहिनी?"

"श्यालक आहेत. दोन."

यज्ञेश्वररावांच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. "कोण दोन? अगं, तुला कुठं..."

"श्रीनाथ आणि सुहास. गोत्र गार्ग्य. माझ्या पाठचे." पातेलं गरम होतं, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "श्रीनाथ सात वर्षांचा होता. दात पडला आणि नऊ दिवस रक्त थांबलं नाही. सुहास चारचा. पडला, आणि आतल्या आत गेला."

मागं स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला.

गुरुजी वयस्क माणूस. ते आपल्या कामाला धरून राहिले. "मुंज झाली होती?"

"नाही."

"मग पिंड नाही देता येत, वहिनी. शास्त्र नाही तसं." मग ते म्हणाले, "शेवटी ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी पाणी सोडतात. त्यात मनात नाव घ्या."

"मनात चाळीस वर्षं घेतेय," सुलभाबाई म्हणाल्या. "आज मोठ्यानं घ्यायचं होतं."

दाराशी दोघी मुली येऊन उभ्या होत्या. अमृता शिक्षिकेची मुलगी, तिला पंगतीचा धडा पाळण्यातून पाठ होता. तिनं डाव्या हातानं उजव्या हाताची अंगठी चाचपली, आणि मग हात खाली सोडले. मधुराला वेळ लागला. ती अनिकेतला कडेवर घेऊन उभी होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली.

"म्हणजे कात्री नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी आळणी जेवत होते. तू मला लोणचं पाठवत होतीस, आणि तुला माहीत होतं."

सुलभाबाई म्हणाल्या, "अमृताचं लग्न..."

"हो, कळलं," मधुरा म्हणाली. "तिचं लग्न आणि माझी कात्री. तू तराजूत घातलंस, माझं हलकं भरलं." ती आत गेली, पिशवी उचलली, आणि खाली ठेवलेल्या पानावर न बसता दुपारच्या बसनं देवासला निघून गेली. श्राद्धाच्या दिवशी माहेरवाशीण उपाशी गेली, ही गोष्ट यज्ञेश्वररावांना मेहुण्यांच्या बातमीपेक्षा जास्त लागली. ते सुलभाबाईंशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, "एकतीस वर्षं मी रेघ मारत होतो. निदान मला तरी."

सर्वपित्रीला संध्याकाळी अमृता आईला घेऊन टावर चौकातल्या एसटीडी बूथवर गेली. घरात फोन होता, पण तिला घरातून बोलायचं नव्हतं. सुलभाबाई म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्या आईशी. चूक माझी आहे." अमृता म्हणाली, "लग्न माझं आहे. तू बाहेर थांब."

काचेच्या खोलीत ती उभी राहिली. बाहेर टेम्पो ओरडत होते, कचोरीवाल्याकडे गर्दी होती. सुलभाबाईंना तिचे ओठ दिसत होते, शब्द नाही. मध्ये एकदा तिनं बोटांनी हवेत दोन ओळी काढून दाखवल्या, जणू तुषार समोरच बसलाय. मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली.

"काय म्हणाला?"

"चांगला बोलला. म्हणाला, आईशी बोलून कळवतो." अमृता चार पावलं चालली आणि म्हणाली, "तू रडू नकोस, असं म्हणाला मला. मी रडत नव्हते."

दसऱ्याआधी पत्रिका परत आली. कोपऱ्याला लावलेलं कुंकू तसंच होतं. बरोबरच्या चिठ्ठीत आजाराचा शब्द नव्हता, नाडीचं काही तरी नव्यानं निघालं असं लिहिलं होतं. अंगठी यज्ञेश्वरराव स्वतः इंदूरला जाऊन देऊन आले.

दिवाळीनंतर सगळी मुंबईला गेली. यज्ञेश्वररावांच्या चुलतभावाकडे उतरली, एका प्रयोगशाळेत सगळ्यांचं रक्त दिलं. मधुरा आली होती, पण आईशी कामापुरतं बोलत होती. देवासला तिचं काही सोपं झालं नव्हतं. सगळा खुलासा ऐकून अहल्याबाईंनी कात्री सोडली आणि नवं धरलं: "म्हणजे खोट माहेरचीच. लपवून दिली मुलगी." सुलभाबाईंना वाटलं होतं, खरं सांगितलं की मधुरा सुटेल. ती एका गाठीतून सुटून दुसऱ्या गाठीत अडकली. फक्त विळी तिनं पुन्हा हातात घेतली होती, तेवढं खरं.

रिपोर्ट पौषात आला. सुलभाबाईंच्या दोन गुणसूत्रांपैकी एक मधुराकडे गेलेलं होतं, तेच अनिकेतकडे. अमृताकडे दुसरं. धाकटीकडे ती चूक नव्हती.

यज्ञेश्वररावांनी कागद देवापुढे ठेवला. सुलभाबाई त्याच्याकडे बघत बसून राहिल्या. तोंड उघडलं नसतं तर मार्गशीर्षात लग्न झालं असतं, आणि काही म्हणजे काही बिघडलं नसतं. हा विचार त्यांनी कोणाला सांगितला नाही, पण अमृतानं तो ओळखला.

"मोजू नकोस, आई," ती म्हणाली. "कागद नसता आला, तर मी पोटुशी असताना तू नऊ महिने माझ्याकडे कशी बघितली असतीस, ते मला कळतं. ताईकडे बघत होतीस तशी."

होळीच्या सुमाराला तुषारच्या घरून मध्यस्थ आला. ऐकलं की रिपोर्ट चांगला आहे, नाडीचंही जमण्यासारखं आहे. अमृतानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "काका, त्यांना सांगा, माझा रिपोर्ट चांगला आहे. माझा भाचा तोच आहे." तिचं लग्न पुढे कधी झालं, कोणाशी, ती निराळी गोष्ट. त्या वर्षी झालं नाही. सुलभाबाईंना रात्रीच काय, दिवसाही त्याची टोचणी असे.

पुढच्या भाद्रपदात पंगतीच्या धड्याला त्या थांबल्या नाहीत. "गलत बैठ गई तो" हे त्यांनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच शेवटपर्यंत सांगितलं. दाखल्याला परदेशातलं राजघराणं घेतलं नाही. "मेरे दो भाई थे," म्हणाल्या. मुली वह्या लिहायच्या थांबल्या, तर त्यांना रागावल्या, "लिखो."

अष्टमीला यादी तीच होती. यज्ञेश्वररावांनी रेघेच्या वर, दोन ओळींमधल्या फटीत, बारीक अक्षरात दोन नावं लिहिली होती आणि पुढे कंसात "मुंज नाही". गुरुजी तिथं आले, क्षणभर थांबले, काही न म्हणता पुढे गेले. शेवटी ज्यांना कोणी नाही त्यांचं पाणी सोडताना त्यांनी यज्ञेश्वररावांना खूण केली. यज्ञेश्वररावांनी नावं मोठ्यानं घेतली.

मधुरा येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पानं वाढून झाल्यावर ती आली, अनिकेतला घेऊन. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना तिनं गादीचे तुकडे शिवून बांधले होते. ती जेवली. खीर दुसऱ्यांदा मागितली नाही, पण पानात टाकली नाही. मग आवराआवर झाल्यावर ती मागच्या अंगणात आईशेजारी येऊन बसली. पर्समधून तिनं एक वही आणि पेन काढलं.

"याचे दात तीन-चार वर्षांत पडायला लागतील," ती म्हणाली. आईकडे न बघता. "श्रीनाथमामाचा पडला तेव्हा पहिल्या दिवशी काय झालं, ते सांग. रक्त कधी सुरू झालं, कशानं थांबल्यासारखं वाटलं, पुन्हा कधी आलं. काय दिलं त्याला खायला. सगळं सांग. डॉक्टरांना दाखवायचं आहे."

सुलभाबाईंना वाटलं होतं आपण सगळं विसरलो आहोत. त्यांनी डोळे मिटले.

"सकाळची शाळा होती," त्या म्हणाल्या. "माघ वद्य द्वितीया. तो पेरू खात होता."

मधुरानं लिहिलं, माघ वद्य द्वितीया, पेरू. आणि पेन वर करून थांबली.